समोरच्या धक्क्यावरचा गणिती : डी. डी. कोसंबी

१/
मांडव्याच्या जेट्टीवरून निघालेली लाँच तासाभरात गेटवे ऑफ इंडियाला लागते. उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष ताजच्या घुमटाकडे जाते. त्याच अपोलो बंदराच्या काठावर, हाकेच्या अंतरावर, जुन्या यॉट क्लबाची वास्तू होती. आज त्या जागी अणुऊर्जा विभागाचे अणुशक्ती भवन आहे. १९४९ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था या क्लबाच्या वास्तूत आली आणि कुलाब्याच्या टोकावरची स्वतःची इमारत उभी राहीपर्यंत इथेच नांदली. तिथे गणिताचे प्राध्यापक असलेल्या एका माणसाची पुस्तके आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहेत, मात्र त्यांत गणित नाही. आजचा धागा दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या गणितावर.

२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोसंबी भेटतात ते १९५६ च्या ‘ॲन इंट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’मधून. राजवंशांच्या याद्या बाजूला सारून नांगर, जमीन, जात आणि उत्पादन यांकडे पाहायला शिकवणारे कोसंबी. भर्तृहरीच्या शतकत्रयीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे, कार्ल्याच्या लेण्यांभोवती पायपीट करणारे, पुण्याच्या परिसरात सूक्ष्मास्त्रे वेचणारे कोसंबी. ‘ते गणितीही होते’ हे वाक्य आपल्याकडे पुरवणीसारखे जोडले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. आयुष्यभर त्यांचा पगार गणिताचा होता; इतिहास त्यांनी फावल्या वेळात लिहिला.

३/
हे आत्ताच सांगण्याचे कारण म्हणजे हे गणित अजून संपलेले नाही. १९३३ मध्ये त्यांनी मांडलेली एक भूमिती गेल्या पंधरा-वीस वर्षांत विश्वरचनाशास्त्राच्या आणि केऑस सिद्धांताच्या शोधनिबंधांत पुन्हा दिसू लागली आहे. त्यांचा दुसरा एक निष्कर्ष जगभर रोज वापरला जातो, पण बहुधा दुसऱ्यांच्या नावाने. आणि तिसऱ्या एका दाव्याने त्यांची गणितातली पत धुळीला मिळवली. ही तिन्ही प्रकरणे एकत्र वाचल्याशिवाय कोसंबी पुरते समजत नाहीत, असे माझे मत आहे.

४/
जाता जाता एक स्थानिक गंमत. मुंबईत ‘कुलाबा’ आणि खाडीमुखाच्या या बाजूलाही ‘कुलाबा’. १९८१ मध्ये नाव बदलेपर्यंत आमचा रायगड जिल्हा अलिबागच्या जलदुर्गावरून कुलाबा जिल्हाच म्हणवला जाई. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मापने बिघडतील हे उघड झाले, म्हणून १९०४ पासून ते काम अलिबागला आले. म्हणजे एका कुलाब्याचे भौतिकशास्त्र दुसऱ्या कुलाब्यात आले. पुढे अर्धशतकाने पहिल्या कुलाब्याने नवे भौतिकशास्त्र उभारले. असो.

५/
कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातील कोसबेनचा. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. धर्मानंद हार्वर्डला ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी गेले, तेव्हा १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदरही सोबत अमेरिकेला गेला. तिथेच शाळा आणि तिथेच हार्वर्डची पदवी, १९२९ मध्ये, सर्वोच्च श्रेणीत. पुढे सायबरनेटिक्सचा जनक ठरलेला नॉर्बर्ट वीनर याच्याशी त्यांचा स्नेह याच काळातला. पदवी हाती पडली आणि ते भारतात परतले. डॉक्टरेट त्यांनी केलीच नाही.

६/
पहिली नोकरी बनारस हिंदू विद्यापीठात, दुसरी १९३१ पासून अलीगढला. अलीगढच्या गणित विभागाचा प्रमुख तेव्हा आंद्रे वेय नावाचा पंचविशीतला फ्रेंच तरुण होता, जो पुढे विसाव्या शतकातल्या अग्रगण्य गणितींपैकी एक ठरला. वेयच्या चिथावणीने कोसंबींनी एक खोडसाळ निबंध लिहिला : ‘बूरबाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचे व्यापकीकरण’. त्यात डी. बूरबाकी हा एक अल्पज्ञात रशियन गणिती असून क्रांतीच्या काळात त्याच्यावर विषप्रयोग झाला असावा, असे सांगितले होते. असा कोणी माणूस अस्तित्वातच नव्हता. आग्रा आणि अवध प्रांतांच्या विज्ञान अकादमीच्या बुलेटिनने निबंध छापला.

काही वर्षांनी, १९३५ मध्ये, वेय आणि त्याच्या मित्रांनी फ्रान्समध्ये एक गुप्त गट स्थापला आणि ‘निकोला बूरबाकी’ या सामूहिक नावाने आधुनिक गणिताची पुनर्रचना करणारे ग्रंथ काढायला सुरुवात केली. गणिताच्या छापील वाङ्मयात बूरबाकी हे नाव पहिल्यांदा अवतरले ते मात्र आपल्या गंगा-यमुनेच्या दुआबात, एका गोमंतकीयाच्या लेखणीतून.

७/
आता मुख्य विषय. १९३३ मध्ये जर्मनीतील ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या मान्यवर नियतकालिकात कोसंबींचा अकरा पानांचा निबंध आला : समांतरता आणि पथ-अवकाश. त्यात काय होते ते समजून घेण्यासाठी पुन्हा मांडव्याच्या पाण्यात उतरू.

गेटवेहून दोन लाँच शेजारी शेजारी सुटल्या आहेत असे माना. वेग तोच, दिशा तीच, मध्ये दोन हातांचे अंतर. दोन्ही तांडेलांनी सुकाणू सरळ धरले आहे. मांडवा येईपर्यंत त्यांच्यातले अंतर दोन हातच राहील, वाढत जाईल, की दोन्ही नावा पुन्हा एकमेकींजवळ येतील? उत्तर तांडेलांच्या कौशल्यावर नव्हे, तर ज्या अवकाशात त्या चालल्या आहेत त्याच्या स्वरूपावर अवलंबून आहे. विषुववृत्तावरून दोन जहाजे अगदी समांतर उत्तरेकडे निघाली तरी ती ध्रुवावर एकत्र येणारच, कारण पृथ्वी गोल आहे. हे ‘जवळ येणे’ किंवा ‘दूर जाणे’ म्हणजेच वक्रतेची खूण.

८/
आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचा गाभा इथेच आहे. वस्तुमानामुळे अवकाश-काल वाकतो आणि त्या वाकलेल्या भूमितीतले ‘सरळ’ मार्ग म्हणजे ग्रहांच्या कक्षा. आधी भूमिती, मग मार्ग.

कोसंबींनी प्रश्न उलटा केला. समजा भूमिती ठाऊकच नाही. अंतर मोजण्याची पट्टीसुद्धा हाती नाही. हाती आहे ती फक्त मार्गांची समीकरणे : अमुक ठिकाणी अमुक वेग असेल तर वेगात किती बदल होईल, एवढेच सांगणारी. न्यूटनपासून आजवरचे बरेचसे भौतिकशास्त्र अशाच समीकरणांत लिहिलेले आहे. तर या मार्गांवरूनच, मागे चालत जाऊन, त्यांच्या मुळाशी असलेली भूमिती शोधता येईल का?

उत्तर होते : येईल.

९/
निबंध छापण्यापूर्वीच त्या काळचा भूमितीचा भीष्माचार्य एली कार्तां याच्यापर्यंत हे काम पोचले होते. त्याचे टिपण त्याच खंडात, कोसंबींचा निबंध जिथे संपतो त्याच्या लगेच पुढच्या पानावर छापलेले आहे. कार्तांने आपल्या पद्धतीने तोच प्रश्न हाताळला. १९३९ मध्ये शिंग-शेन चर्न या चिनी भूमितिज्ञाने तो पुढे नेला. म्हणून आज या शाखेला कोसंबी-कार्तां-चर्न किंवा थोडक्यात केसीसी सिद्धांत म्हणतात. चर्न आणि कार्तां ही नावे गणितात कोणत्या उंचीवरची आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या जोडणीतला पहिला ‘के’ पाहून काय वाटत असेल ते सांगायला नको. तो निबंध आला त्याच वर्षी कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले आणि पुढची बारा वर्षे तिथेच शिकवत राहिले.

१०/
या सिद्धांतात समीकरणांच्या संचातून पाच राशी निघतात. तुम्ही निर्देशक कसेही बदला, या राशींचा आशय बदलत नाही. त्यांतली दुसरी आपल्या दोन लाँचचा प्रश्न सोडवते : जवळजवळचे दोन मार्ग एकत्र येऊ पाहतात की फाकत जातात. त्यावरून ठरते ती ‘जॅकोबी स्थिरता’.

कित्येक वर्षे हे सगळे शुद्ध भूमितीच्या अभ्यासकांपुरते राहिले. मग पीटर अँटोनेली याने ते जीवशास्त्रातील वाढीच्या प्रारूपांकडे वळवले. आणि अलीकडे ख्रिश्चन बोमर, तिबेरिउ हार्को, सोरिन साबाउ यांनी २०१२ च्या एका दीर्घ निबंधात ते गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्राला लावले. ताऱ्याच्या पोटातील दाबाचे आणि घनतेचे गणित मांडणारे लेन-एम्डेन समीकरण घ्या, किंवा विश्वाच्या प्रसरणाची समीकरणे घ्या. प्रश्न एकच : सुरुवात केसभर वेगळी झाली तर शेवट किती वेगळा होईल?

११/
२०१५ मध्ये हार्को आणि सहकाऱ्यांनी हेच हत्यार लॉरेंझच्या समीकरणांवर चालवले. ही ती प्रसिद्ध तीन समीकरणे, जी १९६३ मध्ये एडवर्ड लॉरेंझने हवामानाच्या अभ्यासातून काढली आणि ज्यांतून ‘फुलपाखराच्या पंखांचा परिणाम’ जन्मला. स्थिरता तपासण्याची नेहमीची पद्धत समतोलाच्या बिंदूंजवळ उभी राहून पाहते. कोसंबींची भूमिती अख्ख्या वाटेवर, प्रत्येक वळणाशी, ‘इथून दोन मार्ग फाकतात का’ असे विचारू शकते. दोन्ही उत्तरे दरवेळी जुळतातच असे नाही, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच आज संशोधन चालू आहे. १९३३ मध्ये यातले काहीच कोसंबींच्या मनात नव्हते. लॉरेंझची समीकरणे तीस वर्षे दूर होती आणि ती सोडवणारे संगणक जन्माला यायचे होते.

१२/
दुसरे प्रकरण सुरू होते ते नाण्यांपासून, म्हणजे आपल्या अंगणात. चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोसंबी चांदीची आहत नाणी तोलायला बसले. तर्क साधा : नाणे हातोहात फिरते तसे झिजते. तक्षशिलेच्या भीर टेकडीवरील नाणेसंचयांची वजने तपासताना त्यांना दिसले की नाण्याच्या मागच्या बाजूवर जितके अधिक ठसे, तितके सरासरी वजन कमी. म्हणजे मागचे ठसे वेळोवेळी, चलनात असताना, पारखणाऱ्यांनी उमटवलेले. तुलनेसाठी त्यांनी चालू काळातली हजारो नाणीही तोलली.

आता हे केवळ नाणकशास्त्र राहत नाही. एक नाणे किती झिजेल ते सांगता येत नाही. हजार नाणी किती झिजतील ते सांगता येते. काळाबरोबर उलगडत जाणाऱ्या यादृच्छिक गोष्टीला शिस्त कशी लावायची, हा प्रश्न इथे तराजूतच पडलेला आहे.

१३/
१९४३ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’त त्यांचा निबंध आला : फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्र. नावाला घाबरू नका. मांडव्याच्या धक्क्यावर वर्षभर दर मिनिटाला पाण्याची उंची नोंदवली असे समजा. प्रत्येक दिवसाची एक वक्ररेषा, अशा ३६५ रेषा. कधी उधाण, कधी भांग, कधी दक्षिणेचा वारा, कधी पावसाचे फुगलेले पाणी. कोणतेही दोन दिवस सारखे नाहीत. तरीही अशा काही मोजक्या मूळ आकृत्या शोधता येतात की प्रत्येक दिवसाची रेषा त्यांच्याच कमीअधिक मिश्रणातून तयार व्हावी, आणि मिश्रणातील एका आकृतीच्या प्रमाणाचा दुसरीच्या प्रमाणाशी सहसंबंध नसावा. शिवाय या आकृत्या महत्त्वाच्या क्रमाने लागतात. पहिल्या चार-पाच घेतल्या की बहुतेक सारे आले. बाकीच्या सोडून दिल्या तरी चालते.

१४/
फिनलंडचा कारी कारहुनेन आणि फ्रान्सचा मिशेल लोएव्ह यांनी हेच स्वतंत्रपणे, चाळिशीच्याच दशकात पण कोसंबींच्या नंतर, अधिक काटेकोर रूपात सिद्ध केले. जगाने नाव ठेवले : कारहुनेन-लोएव्ह विस्तार. प्रतिमा साठवताना, चेहरा ओळखताना, खळाळत्या प्रवाहाचा अभ्यास करताना, दीर्घिकांच्या नकाशांतून गोंगाट गाळताना हेच तंत्र वेगवेगळ्या नावांनी वापरले जाते. युद्धकाळात भारतीय नियतकालिकात छापलेला निबंध युरोपात कोण वाचणार? अलीकडे काही ग्रंथांत ‘कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह’ असे दिसू लागले आहे. वायुगतिकीचे ज्येष्ठ अभ्यासक रोद्दम नरसिंह यांनी २०११ मध्ये या प्राधान्यावर स्वतंत्र लेख लिहिला, त्याचा यात वाटा आहे.

इथे मला उगाच राष्ट्रीय अभिमानाचा झेंडा नाचवायचा नाही. कारहुनेन आणि लोएव्ह यांनी काही चोरले नाही. पण श्रेयाच्या इतिहासात टपालखाते, युद्ध आणि ग्रंथालयांची वर्गणी यांनाही स्थान असते, हे कोसंबींसारख्या भौतिकवाद्याने सर्वांत आधी मान्य केले असते.

१५/
गुणसूत्रावरील जनुकांची अंतरे काढण्याचे ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’ही याच काळातले, चार पानी निबंधातले. पिकांच्या आनुवंशिकीत काम करणारा कोणीही ते नाव ओळखतो. हे कोसंबी आणि ‘मिथ अँड रिॲलिटी’चे कोसंबी एकच, हे मात्र त्याला बहुधा ठाऊक नसते.

१६/
१९४५. होमी भाभा मूलभूत संशोधनाची संस्था काढत होते आणि त्यांनी कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. मुंबईत संस्था आधी पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात होती, १९४९ मध्ये यॉट क्लबात आली. कोसंबींनी पुण्यातले घर सोडले नाही. डेक्कन क्वीनने सकाळी मुंबई, संध्याकाळी पुणे. बोर घाटातून रोज जाताना ज्या प्राचीन व्यापारी वाटा त्यांना खिडकीतून दिसत, त्यांच्यावर ते पुढे लिहीत. आपल्या इतिहासलेखनाचा केवढा तरी भाग त्या गाडीच्या डब्यात विचारला गेला असणार.

१७/
त्याच १९४९ मध्ये के. चंद्रशेखरन आणि १९५१ मध्ये के. जी. रामनाथन हे दोन गणिती संस्थेत आले. चंद्रशेखरन यांनी गणिताचा विभाग नव्याने बांधला : निवडक तरुण, कठोर शिक्षण, परदेशी गणितींची व्याख्याने. कोसंबी हळूहळू कडेला गेले.

या कथेत भाभांना किंवा चंद्रशेखरन यांना खलनायक करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्या विभागाने जे दिले ते असामान्य आहे. १९६५ मध्ये त्याच विभागातल्या एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी भूमितीतले एक प्रमेय सिद्ध केले. १९८३ मध्ये मायकेल अटिया आणि राऊल बॉट यांनी दाखवले की हे प्रमेय मूलकणांच्या सिद्धांतात वापरल्या जाणाऱ्या यांग-मिल्स समीकरणांशी थेट जोडलेले आहे. मूलभूत भौतिकशास्त्राचे आणि शुद्ध गणिताचे आज जे सख्य दिसते, त्यात या मुंबईकर प्रमेयाला मोठा मान आहे. संस्था चालवणाऱ्याने एकट्या, चौफेर भटकणाऱ्या कोसंबींपेक्षा अशी शिस्तबद्ध शाळा पसंत केली, तर त्याला दोष कसा द्यावा?

१८/
पण मतभेद फक्त गणिताचे नव्हते. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते. अणुऊर्जेवर देशाचा पैसा ओतण्याऐवजी सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करावा, असे ते पन्नाशीच्या दशकात जाहीरपणे मांडत होते. ज्या वास्तूत ते नोकरीला जात तिच्यातूनच अणुऊर्जेचा कारभार हाकला जात होता. भाभांच्या घरात बसून भाभांच्या देव्हाऱ्यावर बोट ठेवणे, असा हा प्रकार. आज मांडव्याच्या घराघरांच्या छपरांवर सौर तावदाने दिसतात तेव्हा कोसंबी आठवतात. तरी त्या काळच्या तंत्रज्ञानात त्यांचे म्हणणे कितपत व्यवहार्य होते, हा प्रश्न खुला ठेवावा.

१९/
आणि मग रीमान. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या. शंभरपर्यंत त्या २५ आहेत, हजारपर्यंत १६८, दहा लाखांपर्यंत ७८,४९८. गाउसच्या सूत्रातून दहा लाखांसाठी अंदाज येतो सुमारे ७८,६२७. चूक १२९ ची. १८५९ मध्ये बर्नहार्ड रीमानने जे गृहीतक मांडले त्याचा अर्थ असा की ही चूक कितीही पुढे गेलात तरी साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाच्या पल्ल्यातच राहील. दहा लाखांचे वर्गमूळ हजार. आजवर तपासलेल्या कोणत्याही आकड्याने रीमानला खोटे पाडलेले नाही. आणि आजवर कोणीही ते सिद्ध केलेले नाही.

२०/
कोसंबींना वाटले, आपण केले. त्यांची दृष्टी नाणी तोलणाऱ्याचीच होती. संख्यारेषेचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यात किती मूळ संख्या पडतात ते पाहा. त्यांची वाटणी यादृच्छिक घटनांसारखी दिसते. मग संभाव्यतेचे नियम लावले की वर्गमुळाएवढीच चूक आपोआप निघते. १९५९ मध्ये हा युक्तिवाद त्यांनी प्रसिद्ध केला, तोही ‘जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स’मध्ये. संख्याशास्त्राच्या नियतकालिकाला शेतीच्या प्रयोगांची सवय. विश्लेषक संख्या सिद्धांतातील शतकाचा प्रश्न तिथे सुटेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

तो सुटला नव्हताच. मूळ संख्या फाशासारख्या *दिसतात*, पण त्या फासे नाहीत. त्या प्रत्येकी ठरलेल्या जागी पक्क्या बसलेल्या आहेत. ‘यादृच्छिक असत्या तर असे झाले असते’ यातून ‘असेच आहे’ ही सिद्धता होत नाही. मधली पायरी हाच तर सगळा प्रश्न.

२१/
इथे मला कोसंबींविषयी एक गोष्ट खटकते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. इतिहासात त्यांनी ज्यांना फैलावर घेतले ते बहुतेक पुराव्यापेक्षा मोठे निष्कर्ष काढणारे लोक होते. स्वतःच्या गणितात तोच दंड त्यांनी स्वतःला लावला नाही. समकालीन गणितींनी दावा नाकारला, आणि त्या एका दाव्याच्या सावलीत १९३३ चे आणि १९४३ चे कामही झाकले गेले.

२२/
जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कुलाब्याच्या टोकावरच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी संस्थेने कोसंबींचा करार पुढे वाढवला नाही. सतरा वर्षांची नोकरी संपली. पुढे १९६४ पासून वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्यात, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत जागा दिली.

मूळ संख्या त्यांनी सोडल्या नाहीत. १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्यांचा मूळ संख्यांच्या वाटणीवरचा निबंध आला. मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये ‘एस. ड्यूक्रे’ या नावाने काही निबंध आले. हे ड्यूक्रे म्हणजे स्वतः कोसंबीच. बूरबाकी नावाचा माणूस तिशीच्या आत गंमत म्हणून कल्पिलेला. ड्यूक्रे हा माणूस पन्नाशी उलटल्यावर. दुसऱ्यात किती गंमत उरली होती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

२३/
२४ जानेवारी १९६६ ला भाभांचे विमान माँ ब्लांवर कोसळले. २९ जून १९६६ ला कोसंबी पुण्यात झोपेतच गेले, वयाच्या ५८ व्या वर्षी. मूळ संख्यांवरचे त्यांचे पुस्तक कधीच प्रसिद्ध झाले नाही. विखुरलेले निवडक गणिती निबंध एकत्र यायला २०१६ उजाडले. भौतिकशास्त्रज्ञ रामकृष्ण रामस्वामी यांनी ते संपादित केले.

२४/
रीमानचे गृहीतक अजून तसेच उभे आहे. २०२४ मध्ये लॅरी गुथ आणि जेम्स मेनार्ड यांनी, १९४० पासून न हललेली इंगहॅमची एक मर्यादा हलवली. त्या मर्यादेतला ३/५ हा घातांक १३/२५ वर आला. एवढ्याशा फरकासाठी ८४ वर्षे. त्याचा एक परिणाम असा की संख्यारेषेच्या आधीपेक्षा आखूड तुकड्यांतही मूळ संख्या अपेक्षेइतक्याच पडतात हे आता सिद्ध झाले आहे. आखूड तुकडे, त्यांत पडणाऱ्या मूळ संख्या : कोसंबी ज्या खिडकीतून पाहत होते तीच ही खिडकी. फक्त मधली पायरी गाळलेली नाही.

२५/
पुढचा धागा तक्षशिलेच्या आहत नाण्यांवर : मागच्या बाजूचे ठसे कोणाचे आणि झिजेवरून कालक्रम कसा लावतात. ज्यांच्याकडे आजी-आजोबांच्या काळातली चांदीची नाणी असतील त्यांनी स्वयंपाकघरातल्या नव्हे, सराफाच्या काट्यावर ती तोलून ठेवावीत. वजन, छपाईचे साल आणि झीज दिसत असल्यास तिचे वर्णन, एवढे पुरे.